पळताना श्वास कोंडतो: फुंकून तपासायचं की दुर्बिणीने?

ताई, तुमच्या लेकीला पळताना श्वास कोंडतो, पंपाने फरक नाही, आणि आधी कोणती तपासणी करावी हे ठरत नाहीये. दोन्ही तपासण्या भरवशाच्या आहेत, पण बघतात वेगवेगळी जागा.

स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची तपासणी, छातीतल्या श्वासनळ्या जोखते. सहा ते आठ मिनिटं जोरात पळवतात, मग थोड्या थोड्या वेळाने फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा जास्त घटली, तर व्यायामाचा दमा धरतात. खर्च बेताचा, त्रास फारसा नाही.

दुसऱ्या तपासणीत गळ्यातलं स्वरयंत्र बघायला नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून ट्रेडमिलवर पळवतात. नाक बधिर केलं तरी अवघडतंच. नॉर्वेतल्या बर्गेनला ही पद्धत बसवली गेली. आपल्याकडे शोधाशोध करावी लागते. पण बसल्या जागी केलेली दुर्बीण पुष्कळदा साफ निघते, कारण स्वरयंत्र आवळतं ते पळतानाच.

मैदानावर मोबाइलवर आवाज टिपा. ऐन वेगात, श्वास आत घेताना कर्कश शीळ आणि थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मोकळं वाटत असेल, तर पळतानाची दुर्बीणच हवी. थांबल्यावर त्रास वाढून, श्वास सोडताना सूं-सूं होत अर्धा तास रेंगाळत असेल, तर स्पायरोमेट्री आधी. काहींना दोन्ही असतं. पळताना भोवळ येत असेल, तर मात्र सगळ्यात आधी हृदय तपासा.