१८४८ची क्रांती की १९१९चा तह?

ग्वाल्हेरच्या माझ्या भाचीपुढे केंब्रिज आयजीसीएसईच्या (दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या) इतिहासाचे दोन पर्याय आहेत: १८४८ ते १९१४, किंवा १९१९ नंतरचे आंतरराष्ट्रीय संबंध. दुसऱ्यात गोष्ट सलग पुढे सरकते. व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघाचं अपयश, हिटलर, शीतयुद्ध, १९६२चा क्यूबा पेचप्रसंग. एकातून दुसरं निघतं, त्यामुळे ‘का घडलं?’ याची उत्तरं लिहिताना हात अडखळत नाही. पहिल्यात इटली, जर्मनी, अमेरिकेतलं यादवी युद्ध. दर वेळी नवा देश, नवी माणसं. पण साम्राज्यविस्तार वाचताना १८५७ आठवणारच, आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी इथेच फूलबागेजवळ. (तेव्हाच्या शिंद्यांवर घरात वाद ठरलेला!) तरी मी विसावं शतकच सुचवेन. साधनांच्या प्रश्नांत, म्हणजे जुने उतारे-चित्रं देऊन विचारलेल्या प्रश्नांत, येणारी त्या काळातली व्यंगचित्रं तिला फार आवडतील.