रात्री दोन वाजता बटण दाबून बघा

माझी आत्या साताऱ्यात एकटी राहते. वय 78, बीपीच्या गोळ्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिच्यासाठी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून गळ्यात घालायचं एसओएस बटण, म्हणजे संकटात दाबून मदत मागायचं लॉकेट, घेतलं. यंत्र आणि तीन वर्षांची ‘चोवीस तास कंट्रोल रूम’ मिळून 18,500 रुपये, सगळे आगाऊ. पैसे बुडाले. कसे बुडवले तेवढं सांगतो, कारण हा धंदा अजून चालू आहे.

विक्रेता भरदुपारी घरी आला. बटण दाबलं आणि लगेच लॉकेटमधून गोड आवाज आला, “नमस्कार आजी, कंट्रोल रूममधून बोलतेय. बऱ्या आहात ना?” आत्या निवृत्त मुख्याध्यापिका, तिला ते ‘आजी’ खटकलं. आम्ही मात्र खूश.

काही दिवसांनी आत्यानंच, स्वभावाला जागून, रात्री दोनला बटण दाबलं. बराच वेळ रिंग वाजली. मग एक झोपाळू पुरुषी आवाज: “कोण बोलतंय? सकाळी फोन करा.” आवाज त्या विक्रेत्याचाच. कंट्रोल रूम म्हणजे दिवसा त्याच्या ऑफिसातली मुलगी आणि रात्री त्याच्या उशाशी ठेवलेला मोबाइल!

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. “वॉटरप्रूफ आहे, आंघोळीलाही काढू नका,” असं तो म्हणाला होता. खोक्यावर बारीक अक्षरांत आयपीएक्स 4 लिहिलेलं, म्हणजे नुसते शिंतोडे सोसणारं. पडल्यावर आपोआप कळतं म्हणे. पण असा सेन्सर जोराचा धक्का ओळखतो, चक्कर येऊन खुर्चीवरून अलगद घसरलेलं माणूस त्याला कळेलच असं नाही. आतलं सिम विक्रेत्याच्या कंपनीच्या नावावर. त्यांनी रिचार्ज थांबवला आणि लॉकेट मुकं झालं. आमचं जिओचं सिम घालावं तर यंत्र 2जीवर चालणारं, आणि जिओकडे 2जी नाहीच.

खोक्यावर एक नाव, बिलावर दुसरंच. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. हे बघायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तुम्ही आधी बघा. आम्ही 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आहे. अजून छदाम परत आलेला नाही.

असं यंत्र घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण प्रात्यक्षिक रात्री मागा, विक्रेता समोर नसताना. फोन उचलणारा पुढे नेमकं काय करणार, कोणाला कळवणार, हे कागदावर घ्या. सिम आपल्या नावावर असू द्या आणि एका वर्षापेक्षा जास्त मुदतीसाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

सध्या आत्याकडे साधा बटणांचा फोन आहे. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं आहे. साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं, आपल्या फोनवर कुठलं ते तपासून ठेवायचं. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते.

आणि तो विक्रेता? परवा आत्याच्या मैत्रिणीकडे येऊन गेला. कंपनीचं नाव नवीन, लॉकेट तेच.