एक आत, आठ बाहेर: १:८ पीएलसी स्प्लिटर दीड वर्ष वापरून

आमचं तालुक्याच्या गावात छोटं केबल आणि फायबर इंटरनेटचं नेटवर्क आहे. एका फायबरमधली लाईट अनेक घरांना वाटायला आधी मी सगळीकडे कपलरच लावायचो, १:८ (एकाचे आठ) पाहिजे असेल तर सात कपलर आतल्या आत जोडून एका डबीत बसवलेले मिळतात तसले. दीड वर्षापूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बारा पीएलसी स्प्लिटर (वाटणीचं तेच काम चिपवर करणारे) आणले, एबीएस प्लास्टिकच्या डबीवाले, हिरव्या एससी एपीसी कनेक्टरचे. बाराही आज लाईनवर आहेत आणि मी खूश आहे.

कपलरचा त्रास काय होता ते सांगतो. कपलर म्हणजे दोन फायबर शेजारी धरून तापवून ताणलेल्या. ताणल्यावर काच इतकी बारीक होते की लाईट गाभ्यात मावत नाही, बाहेर पसरते आणि शेजारच्या फायबरमध्ये हळूहळू सरकते. निम्मी सरकली की ताणणं थांबवायचं, झाला ५०:५०, अजून ताणलं तर पुढे सगळीच पलीकडे जाते आणि मग परत यायला लागते. पण १५५० नॅनोमीटर वेव्हलेंग्थची (तरंगलांबीची) लाईट १३१० पेक्षा जास्त पसरते म्हणून ती लवकर सरकते, त्यामुळे साधा कपलर एका वेव्हलेंग्थला बरोबर वाटणी करतो आणि दुसरीला चुकतो. आमच्याकडे टीव्ही १५५० वर, इंटरनेट खाली येताना १४९० वर आणि वर जाताना १३१० वर, म्हणजे एकाच घरात टीव्ही झकास आणि नेट रडतंय असं व्हायचं. सात एकत्र जोडले की चुकाही एकावर एक साचतात.

पीएलसीमध्ये ताणाताणी नाहीच. आत नखाएवढी चिप असते, तिच्यात काचेचाच पण किंचित जास्त घनतेचा रस्ता कोरलेला, काही मायक्रॉन रुंदीचा, आणि त्या रस्त्याला वाय अक्षरासारखे फाटे. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, एकूण सात फाटे. फाटा दोन्हीकडे सारखाच कोरलेला असल्यामुळे लाईट निम्मी-निम्मी होणारच, आमच्या कामाची वेव्हलेंग्थ कुठलीही असो, म्हणून डबीवर १२६० ते १६५० लिहिलेलं असतं. हे मला फार आवडलं, वाटणी आकारावरच ठरलेली आहे, ताणणाऱ्याचा हात कुठे थांबला त्यावर नाही.

आता लॉस, म्हणजे वाटेत किती लाईट जाते ते. तो डीबीत मोजतात, लाईट निम्मी झाली की ३ डीबी गेले. आठ भाग म्हणजे ९ डीबी जाणारच, ते कुठलीही कंपनी वाचवू शकत नाही. प्रत्यक्षात १० ते १०.५ येतो कारण चिपला फायबर चिकटवलेली असते तिथे, फाट्यांवर आणि कनेक्टरला थोडं थोडं जातं. माझ्या पॉवर मीटरवर बहुतेक आऊट १०.१ ते १०.४ मध्ये आले, १३१० ला आणि १५५० ला जवळपास सारखेच. आमच्याकडे एकामागे एक दोन १:८ आहेत, म्हणजे ६४ घरं. ओएलटीमधून (आमच्याकडचं लाईट पाठवणारं मशीन) +४ डीबीएम निघालं तर दोन स्प्लिटरचे २१, पाच किलोमीटर केबल आणि जॉइंटचे मिळून अडीच-तीन, घरी साधारण -२० येतं. ओएनयू (घरातला इंटरनेटचा डबा) -२७ पर्यंत चालतो, म्हणजे पावसाळ्यात एखादा जॉइंट बिघडला तरी श्वास घ्यायला जागा आहे.

पोरं नेहमी विचारतात की वर जाताना तर आठाचं एक होतंय, मग तेव्हा लॉस का? कारण ओएनयू आळीपाळीने बोलतात, एका वेळी फाट्याच्या एकाच बाजूने लाईट येते. दोन्ही बाजूंनी सारख्या लयीत आली असती तर सगळी एकत्र झाली असती, पण एकटी आली की निम्मी मुख्य रस्त्याला लागते आणि निम्मी चिपमध्ये बाहेर फेकली जाते. तीन फाटे, तीनदा निम्मी, परत तेच ९ डीबी.

तक्रारी दोन. एका डबीचा पाचवा आऊट १२.८ दाखवत होता, कनेक्टर पुसला आणि १०.३ वर आला, म्हणजे पॅकिंगमध्येच धूळ होती. दुसऱ्या एका डबीचा आऊट पुसूनही १४ च्या खाली आला नाही, दुकानदाराने बदलून दिला पण मुंबईला खेप पडली. म्हणून पोलवर चढवायच्या आधी आठही आऊट मोजा, आणि मीटरनेच मोजा. लाल लेझर पेनने उजेड बघून ठरवू नका, लाल लाईटसाठी तो रस्ता बनवलेलाच नाही, ती आत वेडीवाकडी नाचते आणि चांगला आऊटही मंद दिसतो. आमच्या एका पोराने असंच करून दोन चांगल्या डब्या बाजूला टाकल्या होत्या.

एका ठिकाणी मात्र मी अजून कपलरच लावतो, ओढ्यापलीकडच्या वस्तीला. तिथे घरं एका रांगेत लांबलांब आहेत, तिथे आठ सारखे भाग करून काय करणार? पहिल्या पोलवर ९०:१० लावून दहा टक्के तिथल्या घरांना आणि नव्वद पुढे, पुढच्या पोलवर ८०:२०, शेवटी ५०:५०. असली कमीजास्त वाटणी या पीएलसीत मिळत नाही. फक्त घेताना डबीवर १३१०, १४९०, १५५० तिन्ही लिहिलेत का ते बघून घेतो.