जीसीसी, क्लँग की आयसीएक्स? आठ महिन्यांच्या वापरानंतर

देपालपूरला मामांचं सोयाबीनचं शेत आहे. तिथल्या मातीतल्या ओलाव्याचं गणित करणारा माझा सी-प्लस-प्लसचा प्रोग्राम इंदूरला घरच्या लॅपटॉपवर चालतो. लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारे तीन कंपायलर मी त्यावर वापरून पाहिले: जीसीसी, क्लँग आणि आयसीएक्स.

आधी कबुली देतो. पहिला आठवडा मी जीसीसीला मंद म्हणून शिव्या घातल्या आणि ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे कोड वेगवान करायचा, पर्याय मीच दिला नव्हता! काही सांगितलं नाही तर तो ओ-झीरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय चालतो. ओ-टू ही वरची पातळी लावल्यावर, राजवाड्याला चक्कर मारून आलो तरी चालूच असणारं गणित चहा उकळेपर्यंत संपू लागलं. एवढी उडी नंतर कुठल्याच बदलाने मिळाली नाही.

मग इंटेलचा आयसीएक्स आणला. (जुना आयसीसी शोधू नका, तो २०२३मध्ये बंद झाला. आयसीएक्स क्लँगप्रमाणेच एलएलव्हीएम या कंपायलरच्या पायावर उभा आहे, म्हणजे क्लँगचा चुलतभाऊच.) बेरजेच्या लूपमध्ये त्याने बाकी दोघांना सहज मागे टाकलं. पण ती शर्यत सारखी नव्हती. दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात, म्हणून जीसीसी आणि क्लँग न विचारता क्रम बदलत नाहीत. आयसीएक्स ती सूट आपणहून घेतो आणि एका दमात चार-चार आकडे उरकतो. जीसीसीला तीच सूट देणारा फास्ट-मॅथ पर्याय दिल्यावर फरक जवळपास मिटला.

ही सूट मला पावसाळ्यात भोवली. सेन्सर बंद पडला की आमच्याकडे ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) नोंदतो आणि प्रोग्रामने तो वगळायचा असतो. फास्ट-मॅथमध्ये कंपायलर नॅन येणारच नाही असं धरतो आणि ती तपासणीच उडवतो. मामांचा फोन आला, “अरे, तुझा प्रोग्राम पाणी द्या म्हणतोय, आणि मी घोटाभर चिखलात उभा आहे!” आयसीएक्सने याची वॉर्निंग दिली होती, मीच वाचली नव्हती. आता फास्ट-मॅथच्या मागे ‘नो-फायनाइट-मॅथ-ओन्ली’ लावतो, म्हणजे नॅन येऊ शकतो हे कंपायलर धरून चालतो.

एमआर्च-नेटिव्ह, म्हणजे ज्या मशीनवर कंपाइल करतोय त्याच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवायचा पर्याय, स्वतःच्या मशीनपुरतं छान. मामांचा डेस्कटॉप इंटेलच्या २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरच्या आधीचा, त्यात एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या एव्हीएक्स-टू सूचना नाहीत, तिथे प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बसला.

आणि मे महिन्यात दुपारी वेळ मोजू नका. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. दुपारी हरलेला क्लँग सकाळी पोह्यांआधी जिंकला होता.

सध्या रोजचं काम क्लँगवर, कारण त्याचे एरर मेसेज मला पटकन समजतात. मामांकडे जाणारी प्रत जीसीसी, ओ-टू, आणि प्रोफाइल (आधी चालवून घेतलेली, कोणता भाग जास्त चालतो याची नोंद) देऊन. आयसीएक्स काढून टाकला, डिस्क भरली होती.