जुन्या एडब्ल्यूडीचं डिफरन्शियल: आपलंच बांधून घ्यायचं की सेकंडहँड टाकायचं?

जुनी होंडा सीआर-व्ही किंवा आयात होऊन आलेली जुनी ग्रँड व्हिटारा, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी (एडब्ल्यूडी) गाडी, नागपुरात अजून दिसते. साठ-सत्तरच्या वेगाला मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातून, घूंऽऽ सुरू झालं की गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो, "भाऊ, पूर्ण असेंब्लीच बदलून टाका." माझं मत वेगळं आहे. क्राउन-पिनियनचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीचे, दात शाबूत असतील, तर आपलंच डिफरन्शियल बांधून घ्यावं. दात गेले असतील तरच सेकंडहँड शोधावं.

आधी आवाज ओळखा. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलणारी शिट्टी बहुधा क्राउन-पिनियनची असते. सारखी घरघर बेअरिंगची. डावी-उजवीकडे वळताना कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. सीआर-व्ही पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर मागून कण्हत असेल, तर खर्चाचं बोलण्याआधी ऑइल बदला. तिच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन पंप आणि क्लच प्लेटा असतात. त्यांना होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच लागतं, साधं ९० नंबर ऑइल चालत नाही.

मग ऑइल काढून ड्रेन प्लग बोटावर पुसून बघा. करडी, मऊ मळी असेल तर घाबरू नका, ती झीज आहे. नखाला टोचणारा कण सापडला तर दात किंवा बेअरिंगचा तुकडा उडालाय. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.

बांधून घेण्यात पार्ट्सपेक्षा हाताला किंमत आहे. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि बरेचदा तो साध्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतो. खरी कसोटी पुढे. पिनियनच्या बेअरिंगचा ताण ज्या क्रश स्लीव्ह नावाच्या नळीवर बसतो, ती एकदाच दबते, म्हणून नवीच हवी. नट जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, दुसरी स्लीव्ह टाकावी लागते. क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजायची असते. ती हाताने हलवून कळत नाही. मिस्त्रीला थेट विचारा, "डायल गेज आहे का? दातांना रंग लावून ते कुठे टेकतात तो पॅटर्न दाखवाल का?" दोन्हीला हो म्हणाला तर गाडी त्याच्याकडे सोडा. पेंच, ताडोबाच्या सफारी जिप्सींचं काम केलेला मिस्त्री मिळाला तर आधी त्याच्याकडे जा. पद्धत तीच, हात बसलेला. प्रेस किंवा लेथचं काम निघालं तर हिंगणा एमआयडीसी आहेच.

सेकंडहँड असेंब्लीचा मोठा फायदा म्हणजे वेळ. दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून मागवली, की इथे फिटिंग लवकर उरकतं. पण ती आतून कशी आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २३ सप्टेंबर २०२३ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं डिफरन्शियल बाहेरून पुसलं की चकाचक दिसतं. आत रोलरवर गंजाचे ठिपके असतात. म्हणून घेताना झाकण उघडून मागाच.

त्याहून महत्त्वाचा गिअर रेशो. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत तो चुकला तर फार तर स्पीड आणि ॲव्हरेज बदलेल. एडब्ल्यूडीत पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडतं आणि मधला क्लच किंवा पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस जळते. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हा हिशेब जुन्या-नव्या दोन्हींचा करून बघा. दिसायला सारखं म्हणून बसवू नका.

मागच्या डिफरन्शियलला ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट काढून फक्त पुढच्या चाकांवर चालवायचा सल्लाही मिळेल. चाकं फिरतात तोवर क्राउन फिरतोच, त्यामुळे खराब बेअरिंग आणखी खराब होत राहतं. फुल-टाइम व्हिटारा तर पुढचं-मागचं एकत्र बांधणारं सेंटर लॉक लावल्याशिवाय नीट हलणारही नाही. गॅरेजपर्यंत न्यायला ठीक, वापरायला नाही.

नवे क्राउन-पिनियन टाकले असतील तर सुरुवातीचे पंधरा-वीस किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. मे महिना असेल तर पहाटेच निघा. आठशे-हजार किलोमीटरला ऑइल पुन्हा बदला आणि प्लग परत पुसून बघा.