झॅबिक्स: सांगलीत बसून वापरताना सपोर्ट कसा मिळतो

मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना आम्ही पावत्यांचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावात कितीतरी जणांचे कॉम्प्युटर हिशेबासकट भिजले, आणि त्यानंतर लोकच म्हणायला लागले की आमचा डेटा बाहेर कुठंतरी ठेवा, म्हणून सगळं क्लाउडवर नेलं, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजनमध्ये. पण तिथला सर्व्हर काय डोळ्यासमोर नसतो, त्यामुळं मॉनिटरिंग, म्हणजे सर्व्हर नीट चाललाय का ते सतत बघणारं सॉफ्टवेअर, लागतंच. आधी एक पैसे भरून घ्यायची परदेशी सेवा होती, नाव लिहीत नाही, आता त्याच कामाला झॅबिक्स आहे. ग्राफ सगळेच चांगले काढतात, म्हणून मी सपोर्टवरच जास्त लिहितोय.

आधीची सेवा का सोडली ते सांगतो. हळदीचा सीझन, सकाळी सौदे चालू, आणि फोन आला, "सर, पावती निघंना की ओ, गाडी भरून थांबलीय." डॅशबोर्ड बघितला तर सगळं हिरवंगार, डिस्क निम्मी रिकामी, आणि ॲप म्हणतंय डिस्कवर जागाच नाही. लगेच सपोर्टच्या चॅटवर गेलो, तिथं आधी बॉट, मग एक माणूस आला तो म्हणाला एजंट (सर्व्हरवर बसवलेला, माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) रीस्टार्ट करून बघा, केला, लॉग मागितला, दिला, मग त्याची शिफ्ट संपली आणि पुढच्यानं परत तोच लॉग मागितला. तोवर आमच्या पोरानं सर्व्हरवर 'डीएफ'ला 'आय' लावून कमांड मारली आणि कारण सापडलं, आयनोड संपले होते, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाईलमागं लागणारी नोंदीची जागा. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर फायली किती मावणार हा आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो, आणि सेशनच्या बारक्या बारक्या फायली लाखांनी साठल्या की जीबीत जागा शिल्लक असूनही नवीन फाईल बनत नाही. नको त्या फायली उडवल्या, पावत्या चालू झाल्या. सपोर्टचं उत्तर रात्री उशिरा आलं, आणि त्यात परत तेच, एजंट रीस्टार्ट करा.

याच्यापेक्षा जास्त राग पुढच्या गोष्टीचा आला. फीडबॅकचा फॉर्म आला, मी नीट बसून लिहिलं की आयनोडचा अलर्ट तुमच्याकडं आपोआप चालू नसतो, तो ठेवा, दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान वाचेल. उत्तर काय, तर आपला अभिप्राय मोलाचा आहे. तो कुणी वाचला का, कुठं नोंदवला का, काही कळायला मार्ग नाही. बिल मात्र डॉलरमध्ये, दर मशीनमागं, वेळेवर.

झॅबिक्स ही लाटव्हियातल्या रिगा शहरातली कंपनी, सॉफ्टवेअर २००१ पासून लोकांना मोफत आहे आणि सोर्स कोड उघडा आहे. त्याचं लिनक्सचं तयार टेम्प्लेट (काय तपासायचं आणि कधी इशारा द्यायचा याचा तयार संच) लावलं की मोकळे आयनोड २० टक्क्यांच्या खाली गेले की इशारा आणि १० च्या खाली गेले की मोठा इशारा, हे आधीच आत असतं, डिस्कची जागा ८० टक्क्यांच्या वर भरली की इशारा आणि ९० च्या वर गेली की मोठा, तेही तसंच. हे आकडे आपल्याला पाहिजे तसे बदलता येतात. आणि यार्डातल्या दुकानांत साधं ब्रॉडबँड असतं, स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, कुणाकडं नसतो, तिथं एजंट ॲक्टिव्ह मोडमध्ये ठेवायचा, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर स्वतःच १००५१ पोर्टवर सर्व्हरला माहिती पाठवतो, राऊटरमध्ये काही उघडायला लागत नाही. आमच्यासाठी तर हे फार कामाचं आहे.

आता सपोर्ट. फुकटात फोनवर माणूस मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. पैसे भरून सपोर्ट मिळतो, खालच्या पॅकेजला आठवड्याचे ५ दिवस ८ तास, वरच्याला २४ तास, आम्ही तो घेतलेला नाही त्यामुळं त्यावर मत देत नाही. आमचं काम डॉक्युमेंटेशनवर चालतं आणि ते खरंच चांगलं आहे, तुमच्या व्हर्जनचं पान वेगळं असतं, फक्त इंग्रजी वाचायची तयारी पाहिजे. अडलं की 'झॅबिक्स गेट' ही छोटी कमांड सर्व्हरवरनं मारायची, एजंट काय उत्तर देतोय ते तिथंच दिसतं, ॲक्टिव्ह मोडवाल्याला मात्र ती चालत नाही, तिथं एजंटच्या कॉन्फिगमध्ये डीबग लेव्हल ४ करून (म्हणजे लॉगमध्ये जास्त तपशील येतो) लॉग वाचायचा. निम्म्या अडचणी इथंच सुटतात.

फीडबॅकची पद्धत मला सगळ्यात आवडली. बगची आणि नवीन सुविधेच्या मागणीची नोंद दोन वेगळ्या ठिकाणी होते आणि दोन्ही सगळ्यांना वाचता येतात, म्हणजे आपली अडचण आधी कुणी लिहिलीय का, कोणत्या व्हर्जनमध्ये दुरुस्त झाली, की अजून पडून आहे, सगळं दिसतं. मागणी आधीची असेल तर त्याला मत द्यायचं, नवीन कशाला लिहायची. बग लिहिताना व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम, लॉगचा तेवढाच तुकडा, आणि काय केल्यावर बिघडतं ते पायरी पायरीनं लिहा, पासवर्ड आणि आयपी आधी काढून टाका. हे कसं वापरायचं असलं विचारायची ती जागा नाही, तसलं काही लिहिलं तर बंद करतात, आणि त्यात त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

अवघड बाजू पण आहे. स्क्रीनवर पर्याय इतके की नवीन पोरगं पहिल्यांदा गांगरतं. मशीन वाढली की डेटाबेस फुगतो, म्हणून इतिहास किती दिवस ठेवायचा ते सुरुवातीलाच ठरवा. व्हर्जन घेताना एलटीएसच (जास्त वर्षं सांभाळलं जाणारं व्हर्जन) घ्या, त्याला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात, सारखं अपग्रेड करत बसायला लागत नाही.

आणि झॅबिक्सचा सर्व्हर तुमच्या ॲपच्याच मशीनवर टाकू नका, ते मशीन पडलं तर अलर्ट पाठवणार कोण. आम्ही तो वेगळ्या छोट्या मशीनवर ठेवलाय आणि ते मशीन चालू आहे का हे ऑफिसातला एक कॉम्प्युटर बाहेरनं तपासत राहतो, नाही लागलं तर टेलिग्रामवर मेसेज टाकतो.