जुना ‘थिंकसेंटर टायनी’: नवशिक्यांच्या कॉम्प्युटर क्लबसाठी घ्यावा, पण तपासून

वाचनालयात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये नवशिक्यांसाठी कॉम्प्युटर क्लब काढायचं ठरलं की पहिला वाद यंत्रांवरून होतो. कुणी देणगीत आलेले जुने टॉवर लावू म्हणतं, कुणाला नवे लॅपटॉप हवे असतात. आमचं मत तिसऱ्याच पर्यायाला: कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला लेनोव्हो थिंकसेंटर एम७१०क्यू टायनी. जेमतेम एक लिटरचा डबा, आत ३५ वॅटचा आय५-६५००टी किंवा आय५-७५००टी प्रोसेसर. रॅम ८ जीबी आणि २५६ जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) असलेलाच नग घ्या. सहा लावायला आणि एक राखीव, असे सात घेतले तर एका यंत्रावर दोघे धरून बारा जणांची तुकडी बसते.

हे नग स्वस्त मिळतात त्याला कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा हा माल बाजारात आला. आपल्याला त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकायची आहे, तेव्हा ही अडचण आपल्या पथ्यावरच पडते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना यंत्र थेट मिंटमध्ये सुरू करणारा पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि प्रत्येक नग दुकानातच चालवून बघा. एफ१२ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करा. इन्स्टॉल करायची गरज नाही. ‘डिस्क्स’मध्ये एसएसडीचा स्मार्ट अहवाल (डिस्कची तब्येत) पाहा. मग यंत्र पुन्हा सुरू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर तो नग परत द्या, ‘उद्या काढून देतो’ यावर जाऊ नका. घड्याळ काही वर्षं मागे असेल तर आतला सीआर२०३२ सेल मेलेला आहे. सेल किरकोळ किमतीचा, पण तो न बदलल्यास तारीख चुकते आणि ब्राउझर बँकेचं पानसुद्धा ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाही. नवशिका मग तासभर आपलंच काही चुकलं म्हणून बसून राहतो. सातही नग एकाच मॉडेलचे आणि अडॅप्टर मूळ २० व्होल्ट, ६५ वॅटचेच हवेत.

या यंत्राचे दोन दोष आहेत आणि दोन्ही खरेदीच्या वेळीच निस्तरायचे. मॉनिटर जोडायला मागे डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय बहुतेक नगांवर नसतो. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल घ्या. उलट्या दिशेची हुबेहूब तशीच दिसते आणि चालत नाही. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दुसरं, वायफाय कार्ड अनेकदा नसतंच. सात यूएसबी डाँगल घेण्यापेक्षा आठ पोर्टचा नेटवर्क स्विच आणि केबल टाका. सातव्या यंत्राला नाही तरी राउटरला एक पोर्ट लागतोच.

विजेचं म्हणाल तर ६०० व्हीएच्या एका यूपीएसवर मॉनिटरसह तीन यंत्रं फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती आरामात तग धरतात. प्रिंटर त्यावर लावू नका.

एक यंत्र नीट तयार करून त्याची डिस्क क्लोनझिला या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने बाकीच्यांवर उतरवा. इथे हटकून अडतं ते डिस्कच्या आकारावर. ‘२५६ जीबी’ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या एसएसडी थोड्याशा लहानमोठ्या असू शकतात आणि लहान डिस्कवर क्लोन उतरायला नकार देतो. म्हणून सर्वांत लहान डिस्कचं यंत्र मूळ धरा. क्लोननंतर प्रत्येकाला वेगळं नाव द्यायला विसरू नका.

मिंटमध्ये दोन गोष्टी पहिल्या दिवशीच करा. फाइल मॅनेजरच्या पसंतीत (प्रेफरन्सेस) एका क्लिकवर फाइल उघडण्याचा पर्याय लावा. साठीच्या पुढच्या माणसाचा हात दोन क्लिकच्या मध्ये हलतो, फोल्डर उघडायच्या ऐवजी भलतीकडे सरकतो, आणि पहिला तास त्यातच जातो. दुसरं म्हणजे लॉगिन विंडोच्या सेटिंगमधून गेस्ट सेशन (पाहुण्याचं तात्पुरतं खातं) चालू करा. लॉगआउट होताच सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधार किंवा डिजिलॉकर उघडणाऱ्याचं काही मागे राहत नाही. मात्र केलेलं कामही जातं, तेव्हा प्रत्येकाला स्वतःचा पेन ड्राइव्ह सक्तीचा.

मराठी टायपिंग आयबस-एम१७एन हा प्रोग्राम टाकला की इनस्क्रिप्ट कीबोर्डवर व्यवस्थित चालतं. लिबरऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमधलं ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावं लागतं, नाही तर फाँट बदलूनही देवनागरी बदलत नाही. कुणी श्रीलिपी या जुन्या फाँटमधलं पत्रक घेऊन आलं तर ते अगम्य चिन्हांत दिसेल. तो यंत्राचा दोष नाही, मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत नाही एवढंच.

वर्षातून एकदा मागचा एक स्क्रू काढून झाकण सरकवा आणि पंख्यातली धूळ ब्रशने काढा. पंखा घोंघावायला लागेपर्यंत थांबू नका.

क्लबमधल्या लोकांना एमएस-सीआयटी किंवा टॅली शिकायचं असेल तर मात्र हा सौदा करू नका. तिथे विंडोज लागणारच, आणि त्यासाठी आठव्या पिढीचा एम७२०क्यू घ्यावा, थोडे जास्त पैसे पडले तरी.